सिनेमातल्या गाण्यावर केलेलं चिंतन ही साधना म्हणायची का?

कोरी_पाटी: आई गेल्यापासून आठ महिने रोज सकाळी 'विठ्ठला, तू वेडा कुंभार' ऐकतोय. हल्ली एकेक ओळ वहीत उतरवून तिच्यापाशी बसतो. 'तूच घडविसी, तूच फोडिसी' इथवर ठीक. 'न कळे यातून काय जोडीसी' इथे पंधरा दिवस अडकलोय. आपण जगतो कशासाठी, हा प्रश्न पोथी वाचताना मला कधी इतका टोचला नव्हता. भावोजी म्हणतात, हे नुसतं उगाळत बसणं आहे.

टाळकरी: राग मानू नका, पण भावोजींचं पटतं. हे गाणं १९६१ च्या 'प्रपंच' सिनेमातलं. गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाल लावली आणि गायलं. उत्तमच आहे. पण गाणं आपण हवं तेव्हा लावतो, नको तेव्हा बंद करतो. हरिपाठ मूड नसतानाही म्हणावा लागतो. साधना तिथे सुरू होते.

आडवाट: मग 'शब्दचि हा देव' म्हणणाऱ्या तुकोबांचं काय करायचं? आणि खरं सांगा, तुमच्या भजनी मंडळात हे गाणं होत नाही?

टाळकरी: होतं. फर्माईश येते, काय करणार! पण तुकोबांची दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला. ते शब्द भोगून आलेत, प्रसंगाला हवे म्हणून लिहिलेले नाहीत.

कोरी_पाटी: लिहिणाऱ्याचं राहू द्या. ऐकणाऱ्याचं भोगणं धरायचंच नाही का?

मडकं: आमचं घर कुंभाराचं, म्हणून मध्ये बोलतो. चाकावरून उतरलेल्या मडक्याचं बूड जाड असतं. मग एका हाताने आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून लाकडी थापी मारायची. 'कुरवाळिसी तू, तूच ताडीसी' ऐकलं की मला आजोबांचे हात दिसतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालायची. बाकी 'काय जोडीसी' विचारलंत तर आजोबा म्हणाले असते, पोट! आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, दोन-चार तडकायचीच. त्यांची खापरं पुढच्या आव्यावर झाकायला ठेवायचे.

टाळकरी: झालं, आता खापरांतून अध्यात्म निघणार.

मडकं: नाही हो. धग आत राहते, एवढंच.

कोरी_पाटी: शेवटची ओळ कोणीच काढली नाही. 'देसी डोळे परि निर्मिसी तयांपुढे अंधार'. ही तर सरळ तक्रार आहे. टाळकरी, तुमच्या नेमात तक्रारीला जागा आहे?

टाळकरी: गाथेत हवी तेवढी. 'माझे लेखीं देव मेला' असं तुकोबांनी चक्क म्हटलंय. वहीत तेही उतरवा. मात्र रोज, आणि मूड नसला तरी.