प्रीसेट एकच, मग फोटो वेगळे का?

एकच प्रीसेट (एडिटिंगच्या आकड्यांचा तयार संच) लावूनही लग्नाचे फोटो एकसारखे दिसत नाहीत, कारण प्रीसेटला प्रकाश कळत नाही. हळदीचा पिवळा मांडव, हॉलमधले एलईडी आणि बाहेरचं ऊन यांना एकच आकडे कसे चालतील?

आधी प्रकाशानुसार गट पाडा. प्रत्येक गटातला एक फोटो नीट जमवा, मग लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो मुख्य ठेवून बाकीचे निवडा आणि सिंक करा, म्हणजे त्याचे बदल बाकीच्यांनाही लागतात. सिंकच्या यादीत क्रॉप, मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल) आणि डाग काढणं यांच्यापुढच्या टिकच्या खुणा मात्र काढून टाका, नाहीतर एकाच्या गालावरचा डाग दुसऱ्याच्या मुंडावळ्यांवर पुसला जातो! शटर, ॲपर्चर बदलत राहिले असतील तर फोटोंचा उजेड सारखा करणारं 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' वापरा, बहुतेकांना हा पर्याय माहीतच नसतो.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगाची झाक कॅमेऱ्यालाच ठरवू देऊन, काढलेल्या रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइल्सना गटापुरतं एकच केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) द्या. बराचसा फरक तिथेच मिटतो. जेपेगमध्ये एवढी मोकळीक नाही. पिवळ्या कापडाची झाक चेहऱ्यावर थोडी राहू द्यावी, असं माझं मत. हळद पांढरीफटक दिसली तर काय मजा?

पैसे घालवायचे नसतील तर डार्कटेबल हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे. तिथे लाइटटेबलमध्ये (सगळे फोटो दिसतात त्या पानावर) एका फोटोची हिस्टरी, म्हणजे त्यावर केलेले बदल, कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट होते.