विषय: एसबीआरवर काय कोरायचं? देवनागरी चालेल का?

नमस्कार मंडळी,

नेमबाजीच्या रेंजवाल्या गटासाठी विचारतोय. घरी असलेल्या एआर-१५ रायफलच्या लोअरवर (खालच्या, नंबर असलेल्या भागावर) १०.५ इंची बॅरल चढवून एसबीआर (आखूड बॅरलची रायफल) करायची आहे, ती बनवायच्या परवानगीचा फॉर्म १ भरायला घेतलाय. १ जानेवारी २०२६ पासून २०० डॉलरचा कर शून्य झाला, मग बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव-गाव कोरायची भानगडही गेली का? नसेल तर नक्की काय कोरायचं? अर्ज ट्रस्टच्या नावे आहे. आणि देवनागरीत कोरलेलं चालेल का? दिसायला झकास दिसेल.

— डॅलसहून

———

डॅलसकर,

कर गेला, बाकी सगळं जागच्या जागी आहे. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट, नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी येईपर्यंत जोडणी न करणं, आणि कोरकाम. (मशीनगनवर कर आजही २०० आहेच, पण १९८६ नंतर सामान्य नागरिकाला नवी मशीनगन बनवायला मंजुरीच मिळत नाही, तेव्हा तो विषय बाजूला.)

तुमच्या लोअरवर कंपनीने नाव, गाव, नंबर आधीच कोरलंय. ते कंपनीचं. पण १६ इंचांहून आखूड बॅरल लावली की कायद्याच्या लेखी ‘मेकर’ तुम्ही होता. म्हणून तुमची भर एवढीच: मेकरचं नाव, आणि जिथे बनवली ते शहर व राज्य. सीरियल नंबर कंपनीचा आहे तोच फॉर्मवर लिहायचा, तोच राहू द्यायचा. हौसेने दुसरा नंबर कोरू नका, एका बंदुकीवर दोन नंबर म्हणजे तपासणीच्या वेळी नसती डोकेदुखी. कॅलिबर आणि मॉडेल लोअरवर असेल तर पुन्हा नको. फॉर्मवर मात्र कॅलिबर एकच, नेमकं लिहा. लोअरवर ‘मल्टी’ छापलेलं असतं म्हणून फॉर्मवरही ‘मल्टी’ लिहिणाऱ्यांचे अर्ज परत येतात.

अर्ज ट्रस्टचा असेल तर मेकर ट्रस्ट. तुमचं नाव नाही, ट्रस्टचं नाव कोरायचं, फॉर्मवर आहे तसं. सर्वमान्य संक्षेप चालतो, मनाने केलेला नको. ‘अमुकतमुक कुलकर्णी फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट’ असं लांबलचक नाव ठेवलं असेल तर तेवढं मॅगवेलच्या (मॅगझिन बसतं त्या खोबणीच्या) कडेला बसवता बसवता कोरणारा रडकुंडीला येतो. ट्रस्ट अजून केला नसेल तर नाव आखूड ठेवा.

देवनागरी नाही चालत. खुणा रोमन अक्षरांत आणि १-२-३ या इंग्रजी अंकांतच हव्यात, फार तर मधे हायफन. सजावट म्हणून शेजारी काही वेगळं कोरलंत तर हरकत नाही, पण ते कायदेशीर खुणेला झाकता कामा नये.

आता खरा घोटाळा होतो तो खोलीत. किमान ०.००३ इंच, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर. सीरियल नंबर स्वतः कोरावा लागला (अर्धवट तयार, बिननंबरी ८० टक्के लोअर वगैरे), तर अक्षराची उंची किमान १/१६ इंच, साधारण १.६ मिलिमीटर. ही उंचीची अट सीरियल नंबरला आहे, नावाला आणि गावाला खोलीचीच. खोली मोजायची ती धातूच्या सपाट पृष्ठभागापासून. कोरताना कडेला जो कंगोरा उचलून उभा राहतो, त्याच्या माथ्यापासून नव्हे. हँड एनग्रेव्हरने कोरलं की ही चूक हमखास होते: बोटाला खोल लागतं, गेजवर ०.००१५ भरतं.

जागा नेहमीच्या हाताळणीत दिसेल अशी हवी. ग्रिपखाली दडवलेलं चालत नाही. मॅगवेलची बाजू किंवा ट्रिगर गार्डच्या पुढचा भाग बरा.

कोरणारा एफएफएल (बंदुकांचा केंद्रीय परवाना) असलेलाच धरा. ट्रॉफ्या आणि पेन कोरणाऱ्या दुकानात बंदूक ठेवून येऊ नका.

— ह्यूस्टनचा काका

———

काका, एक जोड.

दुकानात ‘लेझर मार्किंग’ आणि ‘लेझर एनग्रेव्हिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोअर ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचं, वर हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा काळा थर, साधारण दोन हजारांश इंच जाड. मार्किंगमध्ये फक्त तो थर पांढरा पडतो, अक्षरं स्वच्छ, देखणी दिसतात, आणि धातूत खोली जवळजवळ शून्य. फायबर लेझरचे अनेक पास लागतात. दुकानदाराला ‘एटीएफच्या मापाचं’ (एटीएफ म्हणजे बंदुकांचं केंद्रीय खातं) एवढंच न सांगता ‘०.००४ ते ०.००५ हवं’ असं आकड्यात सांगा, आणि आधी त्याच मिश्रधातूच्या तुकड्यावर नमुना मागा. मोजायला सुईसारख्या टोकाचा डेप्थ गेज हवा. सपाट टोक बारीक चरात उतरतच नाही, वरच टेकतं आणि कमी वाचतं.

सेराकोट (बंदुकीवरचा टणक रंग) करणार असाल तर आधी कोरा, मग रंग. आणि स्पेलिंग कागदावर लिहून द्या, तोंडी नको. आपल्या नावातलं ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’, ‘एस’ की ‘एसएच’ हे त्याला कुठून कळणार?

— ऑस्टिन

———

दोघांनाही विचारते, ट्रस्टमधली दुसरी नावं पाहिलीत का?

ट्रस्टी म्हणून बंदूक हाताळण्याचा अधिकार ज्याला आहे तो ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’. २०१६ पासून अशा प्रत्येकाला ५३२०.२३ हा वेगळा फॉर्म, ठसे आणि फोटो द्यावे लागतात. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एच-फोर (जोडीदाराच्या) व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा ठळक अपवाद, पण ट्रस्टचा कागद करताना वहिनींचं नाव सवयीने टाकलं असेल तर आधी वकिलाला दाखवा. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

आणि ही लिस्ट न्यू जर्सी नि बे एरियापर्यंत जाते, म्हणून लिहिते: वरचं सगळं टेक्सास धरून लिहिलंय, तुमच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात. कॅलिफोर्नियात तर घरी साधी बंदूक बनवायची तरी आधी राज्याकडून नंबर घ्यावा लागतो.

— डॅलसची ताई

———

ताई, काका, आभार. बायको एच-फोरवरच आहे, तिचं नाव काढतोय. शेवटचं एक: मंजुरीआधी कोरून घेतलं तर? दुकानाची वेळ पुढच्या आठवड्यात मिळतेय. आणि पुढे गाव बदललं तर पुन्हा कोरायचं?

— डॅलसहून

———

लोअर तोपर्यंत साधीच बंदूक आहे, तेव्हा त्यावर नाव कोरणं गुन्हा नाही. पण अर्ज नामंजूर झाला, किंवा आता ट्रस्टचा कागद बदलताना नावातच फरक पडला, तर चुकीचं नाव धातूत कायमचं बसलं. तेव्हा दुकानाची वेळ पुढे ढकला. मंजुरी आली, त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवलं, कोरलं, मोजलं, मगच बॅरल.

गाव बदललं तर पुन्हा कोरायचं नाही, जिथे बनवली तेच गाव राहतं. एसबीआर राज्याबाहेर नेताना मात्र आधी ५३२०.२० हा फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते, मग ते कायमचं स्थलांतर असो की ओक्लाहोमातली शनिवारची मॅच.

— काका