हॉलमध्ये फ्लॅश लावल्यावर पी, एव्ही की एम?

तांबडा_पांढरा
"मंगल कार्यालयात फ्लॅश चढवला की डोळे झाकून पी मोड. एम म्हणजे नुसती शायनिंग," असं काल एका भावानं टाकलं, आणि खाली अंगठ्यांची रांग. नवी पोरं हे वाचून स्टेजवर चढतात, म्हणून लांबण लावतोय. पी ला शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) दोन्ही कॅमेरा ठरवतो, एव्ही ला ॲपर्चर आपण आणि शटर कॅमेरा, एम ला दोन्ही आपण.

फ्लॅश असताना पी वर कॅनन शटर १/६० सेकंदाच्या खाली सोडत नाही. त्यात आयएसओ (सेन्सर उजेड किती उचलतो ते) कमी असला की हॉलचा उजेड फोटोत येतच नाही. नवरा-नवरी पांढरीफटक, मागं मिट्ट काळोख, डेकोरेशन गायब. एव्ही ची तऱ्हा उलटी. तिथं कॅमेरा हॉलच्या उजेडावर चालतो, फ्लॅश नुसता भरीला. शटर १/८, १/४ वर घसरतं आणि अक्षता टाकणाऱ्या हातांना शेपट्या फुटतात.

एम ला या. शटर १/१००, ॲपर्चर एफ ४, आयएसओ १६०० पासून सुरू करा, कॅमेऱ्याच्या उजेड-मीटरचा काटा उणे १ ते उणे दीडवर आणा, म्हणजे मागचं जरा अंधारं. फ्लॅश टीटीएल वरच राहू दे, म्हणजे लेन्समधनं येणारा उजेड मोजून त्याची ताकद आपोआप ठरते. एम केलं की फ्लॅशपण हातानं चालवावा लागतो, हे कुणी पसरवलंय देव जाणे. मागचा उजेड तुम्ही ठरवायचा, चेहऱ्याचा फ्लॅश बघून घेतो. शिवाय आयएसओ १०० वरून १६०० म्हणजे ४ स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट), तेवढ्याच कामाला फ्लॅशची १/१६ ताकद पुरते. सेल टिकतात, पुढचा फ्लॅश लगेच तयार.

लक्ष्मीपुरी_फोकस
तो भाऊ मीच. पी मध्ये आयएसओ १०० ठेवा असं मी कुठं लिहिलंय? ८०० ला बांधा, मागचं दिसतंय. आणि एव्ही ला शेपट्या फुटतात, कारण मेनू कुणी उघडत नाही. कस्टम फंक्शनमध्ये एव्ही साठी फ्लॅश सिंकचा, म्हणजे फ्लॅश असताना शटर किती ठेवायचं याचा पर्याय आहे, तिथं १/२०० ते १/६० ऑटो लावा, विषय संपला. तुमच्या १६०० च्या एम वर नवरदेव दारातनं उन्हात आला की फोटो कोरा कागद. तवा काय करतासा?

शटर_आडवा
सगळं जग कॅनन नाही. निकॉनच्या ए मोडला (तिकडचा एव्ही) आधीपासूनच १/६० चा तळ असतो, स्लो सिंक (फ्लॅशसोबत हळू शटर) लावल्याशिवाय खाली जात नाही. बॉडी कुठली ते न सांगता मोडचे सल्ले वाटू नका.

राजारामपुरी_बाउन्स
मोडवर काय भांडालायसा, जरा वर बघा की. गुलाबी-पिवळं कापडी छत. फ्लॅशचं डोकं वर करून त्यावर बाउन्स मारला, म्हणजे उजेड छतावरनं परतवला, की नवरीचा हिरवा शालू शेवाळी आणि चेहऱ्याला कावीळ. टीटीएल उजेड मोजतं, रंग नाही. व्हाइट बॅलन्सनं (कॅमेऱ्याची रंग सुधारायची सोय) निम्मंच सुधारतं, कारण चेहऱ्यावरचा उजेड एका रंगाचा आणि मागचा दुसऱ्या. मागं किंवा बाजूला पांढरी भिंत असेल तर फ्लॅशचं डोकं तिकडं वळवा.

आणि फ्लॅशच्या तोंडावरची ती प्लॅस्टिकची टोपी, डिफ्यूझर! छत २० फुटांवर, भिंती लांब, तरी टोपी चढवून फिरतात. उजेड चारी दिशांना उडतो, परत काहीच येत नाही.

लक्ष्मीपुरी_फोकस
टोपीनं सावली मऊ होते. अख्खं कोल्हापूर वापरतंय, सगळे येडे?

राजारामपुरी_बाउन्स
सावली मऊ होते ती उजेडाचा स्रोत मोठा झाल्यावर. टोपी फ्लॅशच्या तोंडाएवढीच. घरच्या हळदीला मऊ दिसतं, कारण खोली लहान आणि भिंती पांढऱ्या. श्रेय चुन्याचं, मिरवतीय टोपी.

तांबडा_पांढरा
टोपीवरच चाललंय तर व्हिडिओवाल्यांचंही होऊन जाऊ दे. मंगलाष्टकं सुरू झाली की एलईडी घेऊन अंतरपाटाला भिडतात. तो लाइट आत-बाहेर झाला की पी आणि एव्ही प्रत्येक फोटोला हॉलचा हिशेब नव्यानं मांडतात. एका फोटोत मागचं उजळ, दुसऱ्यात अंधार. अल्बमला बसल्यावर रडा मग. एम वर मागचं जागचं हलत नाही.

शटर_आडवा
त्यांनाही पोट आहे. लाइटवर चिडण्यापेक्षा शटर बघा. आपली वीज ५० हर्ट्झ, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२०० ला मागं पट्टे येतात, १/१०० किंवा १/५० ला येत नाहीत. स्टेजमागच्या एलईडी वॉलला हा हिशेब लागू नाही, तिची लुकलुक वेगळी. आधी रिकाम्या स्टेजचे दोन-तीन शटरवर फोटो काढून बघायचे.

लक्ष्मीपुरी_फोकस
घ्या, १/१०० चं गणित पटलं. पी ला शटर माझ्या हातात नाही, तेवढं तुमचं खरं. पण उन्हाचं उत्तर अजून आलं नाही.

तांबडा_पांढरा
डायलवर सी१, सी२ ही आपली सेटिंग साठवायची घरं असतात. हॉलची एम सेटिंग सी१ ला साठवा, बाहेरची सी२ ला. डायलचा एक टक्का. आणि एम मध्ये ऑटो आयएसओ लावून पळवाट काढू नका. कॅननच्या बऱ्याच जुन्या बॉडी फ्लॅश चढला की आयएसओ ४०० ला अडकतात.

लक्ष्मीपुरी_फोकस
ज्या बॉडीला सी१ च नाही, तिनं काय रंकाळ्यात उडी मारायची? ती बाहेर पी वरच जाणार. आत एम, जावा खुश व्हा.

राजारामपुरी_बाउन्स
आणि टोपी?

लक्ष्मीपुरी_फोकस
टोपी राहणार.