धुण्यात गेलेली ५०० ची नोट

प्रश्न: खिशातली नोट मशीनमध्ये धुतली गेली. मऊ पडलीय, पण फाटली नाही. कागद विरघळला कसा नाही? इस्त्री फिरवू का?

उत्तर १: हा लाकडाच्या लगद्याचा कागद नाही, कापसाचा आहे. लांब तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, त्यामुळे भिजूनही टिकतो. त्याचा खरा शत्रू घडी. रोज एकाच रेषेवर दुमडली की तिथले तंतू तुटतात. इस्त्री अजिबात नको, सुरक्षा धागा आक्रसेल. सुती कापडात दाबून सावलीत वाळवा.

उत्तर २: प्लास्टिकच्या नोटांना तर इस्त्री आणखीच वाईट. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये आणलेली पॉलिमर नोट पाण्याला दाद देत नाही, उष्णतेने मात्र आकसते.

उत्तर ३: पुढे फाटलीच तर तुकडे जपून ठेवा. ५०० च्या नोटेचं क्षेत्रफळ ९९ चौ. सेंमी. सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० चौ. सेंमी असला तर बँकेत पूर्ण पैसे मिळतात, ४० असला तर निम्मे.