रेडिएशनमधला थकवा आणि लाइट थेरपी: दिवा कोणता, कधी, किती वेळ?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. आईला (वय ५८) स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) चालू आहेत, एकूण २५. तिसऱ्या आठवड्यापासून ती पार गळून गेलीये. दुपारभर झोपते आणि रात्री टक्क जागी असते. लाइट थेरपीने थकवा कमी होतो असं कळलं. शोधलं तर लाल एलईडीचे पॅनल दिसतात. ते छातीवर धरायचे का? पावसामुळे ऊनही नाही.

प्रकाशमापक:
लाल पॅनल घेऊ नका, आणि छातीवर तर मुळीच नको. शेक चालू असलेल्या त्वचेवर रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा, ऊन, गरम पाण्याची पिशवी यातलं काहीच नको.

थकव्यासाठीचा प्रकाश डोळ्यांवाटे काम करतो. दृष्टिपटलात (डोळ्याच्या पडद्यात) मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळवतात. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून तर सॅन दिएगोच्या अभ्यासात (२०१२) मंद लाल दिवा निव्वळ तुलनेसाठी ठेवला होता. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या बायकांनी रोज सकाळी अर्धा तास दिवा वापरला. लाल दिव्याच्या गटात थकवा वाढत गेला, प्रखर पांढऱ्याच्या गटात वाढला नाही. हा अभ्यास केमोतला आहे, त्यामुळे शेकांच्या काळात दिवा जोडीचा उपाय म्हणूनच धरा.

लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशाचा खरा उपयोग तोंडा-घशाच्या शेकांत होणारे फोड कमी करायला होतो. तो उपचार हॉस्पिटलातच करतात.

गोदाकाठ:
दिवा पांढरा, यूव्ही फिल्टर असलेला आणि १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) हवा. पण हे लक्स किती अंतरावर मिळतात ते बघा, सगळी गोम तिथेच आहे. हातात मावणारे छोटे दिवे १०,००० लक्स जेमतेम वीतभर अंतरावर देतात. हातभर लांब ठेवले की प्रकाश फारच कमी पडतो. मोठ्या पॅनलचा दिवा घ्या, ४०-५० सेंटीमीटरवर तेवढे लक्स देणारा. घरातल्या ट्यूबलाइटखाली १००-३०० लक्सच मिळतात, ती लावून भागत नाही.

उठल्यावर तासाभरात, ३० मिनिटं, रोज त्याच वेळी. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर, थोडा बाजूला, चेहऱ्याकडे झुकवून ठेवा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. चहा, नाश्ता, पेपर चालू द्या. मान वळवून टीव्ही बघत बसलं तर मात्र उपयोग नाही. नेहमीचा चष्मा चालतो. ब्लू-कट किंवा गडद काचांचा नको. डोकं दुखलं, मळमळलं, तर १०-१५ मिनिटांवर या आणि हळूहळू वाढवा. संध्याकाळी लावलात तर रात्रीची झोप आणखी पुढे जाईल.

पावसाळी आभाळाखालीही बाहेर काही हजार लक्स असतात. उघड्या गॅलरीत आभाळाकडे तोंड करून पाऊण तास बसलं, छातीवर सुती ओढणी घेतली, तर दिवा विकत घेण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे. खिडकीपासून चार पावलं आत आलात की प्रकाश झपाट्याने कमी होतो.

टेकडीवरून:
त्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असेल तर कुठलाच दिवा कामाचा नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. आणि रोज झेपेल तेवढं चालणं सोडू नका, थकव्यावर व्यायामाचा पुरावा दिव्यापेक्षा भक्कम आहे. धाप लागणं, ताप, छातीत दुखणं हे थकव्यात जमा करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बायपोलर आजार, दृष्टिपटलाचा आजार, ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल, किंवा डॉक्सिसायक्लिन, मेथोट्रेक्सेटसारखं उन्हाची ॲलर्जी वाढवणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा नको.

निशिगंध:
आईला मधुमेह आहे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. शेकाची वेळ सकाळी साडेआठची. मग?

टेकडीवरून:
वर्षापूर्वीचं ऑपरेशन सहसा आड येत नाही. मधुमेहामुळे मात्र आधी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्या, तिथे बिघाड असेल तर दिवा नकोच. तपासणी ठीक आली तर निघण्यापूर्वी नाश्त्याबरोबर दिवा उरकून घ्या, परत येईपर्यंत थांबू नका. शेक संपल्यावरही थकवा काही आठवडे राहतो, तेव्हा शेवटच्या शेकाबरोबर दिवा बंद करू नका.