मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८० घ्यावं की ५०७० टीआय?

मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. स्वतः जुळवलेल्या पीसीत सध्या आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड आहे. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, रॅम ३२ जीबी, मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. इतक्यात ४के घेणार नाही. रे ट्रेसिंग (गेममध्ये प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सोय) लावलं की ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरते आणि गेम अडखळतो. टेक्स्चर कमी करून, ड्रायव्हर साफ करून नव्याने टाकून पाहिलं, फरक नाही.

आरटीएक्स ५०८० आणि ५०७० टीआय, दोन्हींत व्हीरॅम १६ जीबीच आहे, तिथेच गाडी अडली. पहिलं ३६० वॉटचं, दुसरं ३०० चं. माझा पॉवर सप्लाय ७५० वॉटचा, आणि ५०८० ला कंपनी ८५० सांगते. कॅबिनेटमध्ये टेप लावून मोजलं, पुढचा रेडिएटर धरून ३१२ मिमी उरतात, म्हणजे तीन पंख्यांची बरीचशी मॉडेलं बाद. शिवाय खोलीला एसी नाही. मे महिन्यात ही खोली म्हणजे भट्टी, त्यात ६० वॉटची भर!

एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी सुचवाल, पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करतो, म्हणून एनव्हिडियाचंच (आरटीएक्स) हवं. (६०० व्हीएचा यूपीएस आत्ताच चिवचिवतो, तो बदलणारच आहे.)

कुणी ५०८० ची पॉवर लिमिट (वीज वापराची कमाल मर्यादा) ३०० वॉटच्या आसपास ठेवून वापरलंय का? तसं केल्यावर १४४०पीला ५०७० टीआयपेक्षा जाणवेल इतका फरक उरतो का?