उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी : तुमचे अनुभव सांगा

बाबांच्या पायाच्या ऑपरेशनमुळे त्यांची गाडी चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. येत्या रविवारी ती काढायचीय, आणि मला 2020चा उन्हाळा आठवतोय. टाळेबंदीत मी दर रविवारी खाली जाऊन माझ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचो. आठव्या की नवव्या रविवारी किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्', आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत विझले. एवढी काळजी घेऊनही असं का झालं ते कळेना.

नंतर हिशेब मांडला. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, घड्याळ, ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) थोडाथोडा करंट खातच असतात. माझ्या गाडीत मल्टिमीटरवर तो 30 मिलीअँपिअर दिसला. आठवड्याचे 168 तास, म्हणजे 5 अँपिअर-तास गेले. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघतो जेमतेम एक. 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी होणारच होती. म्हणून माझं ठाम मत आहे की गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी, नाहीतर सरळ बॅटरीचा निगेटिव्ह (मायनसची वायर) काढून ठेवावा. बाबांच्या गाडीचा काढून ठेवलाय.

तुमची गाडी लांबच्या मुक्कामानंतर कशी सुरू झाली, काय चुकलं, ते लिहा. बारीकसारीक तपशिलांसकट लिहा.

रत्नागिरी

मी जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने घराबाहेर. तिथे लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला किमान तीन मिनिटं चालवायचा नियम आहे, पण तिची बॅटरी चार्जिंगवर असते. घरच्या गाडीला ते लागू नाही, हे तुमचं पटलं. मी निघायच्या दिवशी दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह सोडवतो, टर्मिनल पुसून व्हॅसलीन चोपडतो.

बॅटरीने मला कधी दगा दिला नाही. दिला हँडब्रेकने. एका पावसाळ्यात तो ओढूनच गेलो. दिवाळीत आलो, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पण मागची चाकं जागची हलेनात. खारी हवा, ब्रेकचे ड्रम आतून गंजून लायनर (ब्रेकच्या घासपट्ट्या) त्यांना चिकटून बसले होते. मेकॅनिकने चाक काढलं, ड्रमवर लाकडी ठोकळा धरून गोल फिरत हातोडी मारली. बराच वेळाने 'खट्' झालं आणि तांबडी भुकटी खाली सांडली. तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना पुढेमागे चिऱ्याचे तुकडे, आणि हँडब्रेक सैल.

जयसिंगपूर

आमच्याकडे ट्रॅक्टर उतारावर लावायची जुनी सवय. बॅटरी बसली तरी सोडायचा, गिअरला टाकायचा, क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक कारला हे जमत नाही.

वडिलांची अँबॅसडर होती, तिला पुढून हँडल मारायचो. पहिल्याच दिवशी वडिलांनी माझा हात धरून शिकवलं की अंगठा मुठीत आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून दाबायचं नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल उलटं येतं आणि अंगठा मोडतो. गावात एकाचा मोडलेला मी पाहिलाय.

एडमंटन, कॅनडा

इथे हिवाळ्यात गाड्यांच्या नाकातून विजेचा प्लग लोंबत असतो. तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा. रात्री घराच्या सॉकेटला लावायचा. एक गोष्ट भारतात असताना माहीतच नव्हती : पूर्ण चार्ज बॅटरी उणे 40लाही गोठत नाही, पण उतरलेली उणे 10च्या आसपासच गोठते. गोठलेली बॅटरी चुकूनही जंप करू नका (म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करू नका), ती फुटू शकते. आधी घरात आणून वितळू द्या. कवचाला तडा दिसला तर ती गेलीच.

ठाणे

पाच आठवडे माहेरी राहून आले तर रिमोट चालेना, दारच उघडेना. रिमोटच्या पोटातून छोटी लोखंडी किल्ली निघते हे शेजारच्या काकांनी दाखवलं. मग त्यांच्या गाडीवरून जंप केलं. क्रम त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला : लाल आपल्या प्लसला, लाल त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटची काळी आपल्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. खरंच बारीकशी ठिणगी उडाली.

घोडबंदर रोडने तासभर फिरवून आणली. तरी दुसऱ्या दिवशी 12.2 व्होल्टच. बॅटरीवाल्याकडे रात्रभर स्लो चार्जिंगला टाकली, तेव्हा 12.6 दिसलं, म्हणजे पूर्ण भरली.

नागपूर

ईव्हीवाल्यांनो, आपल्यालाही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. माझी मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली होती, पण छोटी उतरल्यामुळे गाडी उठलीच नाही.

धागाकर्ता

रविवारी काढली. मीटरवर 12.4. किल्ली फिरवायच्या आधी बोनेट उघडलं म्हणून बरं झालं. एअर फिल्टरच्या डब्यावर उंदराचं घर होतं : कापसाचे बोळे, शेंगांची टरफलं आणि आईच्या जुन्या पायपुसण्याचे दोरे. सगळ्या वायरी बोटाने चाचपून पाहिल्या, शाबूत होत्या. निगेटिव्ह लावला, गाडी लगेच सुरू झाली. बाबा काठी घेऊन खाली आले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्यांना कात्रजच्या तळ्यापर्यंत नेऊन आणलं.